आरशातली वेणी

तिला सगळे वहिनी म्हणायचे. पार्लरमध्ये येणाऱ्या शाळकरी मुली, त्यांच्या आया, आयांच्या सासवा, सगळ्यांची ती वहिनीच. तिचा नवरा पंखे आणि मिक्सर दुरुस्त करायचा. लोकांच्या नादानं तोसुद्धा एकदा "वहिनी, चहा झाला का?" असं बोलून गेला, आणि मग आठवडाभर घरात त्याची टिंगल झाली.

पार्लर म्हणजे दीड खुर्चीचं. एक खरी, गोल फिरणारी, आणि दुसरी घरातल्या डायनिंग टेबलाची, पायाखाली पुठ्ठ्याची घडी घातलेली. समोर भिंतभर आरसा, मागच्या भिंतीवर औषधाच्या दुकानानं दिलेलं मोठ्या आकड्यांचं कॅलेंडर. हाताला मात्र तोड नव्हती. कुठलीही केशरचना एकदा नुसती पाहिली की वहिनीच्या बोटांना ती पाठ व्हायची. बसस्टॉपवर एखादीचा अंबाडा आवडला तर ती बस सोडायची, पण तो अंबाडा सोडायची नाही.

रोज सकाळी दहाच्या ठोक्याला पार्लरमध्ये अंडेवाली मावशी यायची. नदीपलीकडच्या वस्तीतली, साठीची, काटक. डोक्यावरची टोपली उतरवून ती दाराशी ठेवायची, चुंबळ बाजूला काढायची आणि आरशासमोर उभी राहून वेणी नव्याने घालायची. चालून चालून ती सैल व्हायची ना! पलीकडच्या बायकांची ही वेणी वेगळीच असते. एका कानाच्या वरून निघते, पाच पेडांची, चटईसारखी सपाट, डोक्यामागून वळसा घेते आणि दुसऱ्या खांद्यावर उतरते. मावशीचं काम तीन मिनिटांत उरकायचं. मग वेणी गुंडाळून वर चुंबळ, चुंबळीवर टोपली, आणि स्वारी पुढच्या गल्लीत.

ही तीन मिनिटं दोघींच्या गप्पांची. वहिनीचे हात कुणाच्या तरी डोक्यात, मावशीचे स्वतःच्या, आणि बोलणं आरशातून.

"पोरी, जाड झालीस."

"तुमचीच अंडी खाऊन झाले, मावशी."

"मग पैसे देऊन खातेस, फुकट तर नाही. हो जाड."

अकरा वर्षं हे असं चाललं होतं. वहिनीच्या बाळंतपणात मावशीनं महिनाभर रोज दोन अंडी जास्त ठेवली होती. आणि मावशीची नात कॉलेजला जायला लागली तेव्हा तिचे केस वहिनीनंच कापून दिले होते, अगदी मानेवर, झकास.

यंदा शहराच्या वार्षिक उत्सवाच्या तीन आठवडे आधी बँकेतल्या कॅशियर मॅडम पार्लरमध्ये शिरल्या. मॅडम उत्साहाचा धबधबा होत्या. मिरवणुकीत दरवर्षी वेशभूषेची स्पर्धा असायची आणि बँकेच्या बायकांना आजवर उत्तेजनार्थसुद्धा मिळालं नव्हतं.

"वहिनी, यंदा आम्ही नदीपलीकडच्या बायका होणार. काठाचे घागरे शिवायला टाकलेत. अठरा जणी आहोत. फक्त ती वेणी! ती तुम्हालाच जमेल."

"जमेल की," वहिनी म्हणाली. आव्हान दिसलं की तिच्या तोंडून हे दोन शब्द आपोआप पडायचे.

मॅडम गेल्यावर तिला जरा चुटपुट लागली. पेड कसे पडतात ते तिला डोळे मिटून सांगता आलं असतं. पण वेणी निघते कुठल्या कानावरून? डाव्या की उजव्या? अकरा वर्षं रोज पाहिलेली गोष्ट, आणि नेमकं तेवढंच आठवेना. आपल्याच जिन्याला पायऱ्या किती, असं कुणी विचारलं की जसं होतं, तसं.

सरळ उपाय होता. मावशीला विचारायचं. पण विचारलं तर मावशी विचारणार, कशाला? आणि सांगितलं तर कदाचित म्हणणार, नको. ही नको नावाची भानगड वहिनीला टाळायची होती. न विचारलेल्या प्रश्नाला नकार मिळत नाही, असा तिचा साधा हिशेब.

दुसऱ्या दिवशी दहा वाजता वहिनी फोनमध्ये डोकं खुपसून कोपऱ्यातल्या स्टुलावर बसली. मावशीवर फोन रोखायची हिंमत नव्हती, म्हणून तो आरशाकडे वळवला आणि आवाज बंद करून एक फोटो काढला. नंतर मावशीचा चेहरा, पार्लरची भिंत सगळं कापून टाकलं. उरला फक्त कान, वेणी आणि खांदा. फोटोत वेणी स्वच्छ उजव्या कानावरून निघाली होती. वहिनीनं सुटकेचा श्वास टाकला. माणूस विसरेल, फोटो कसा विसरेल?

उत्सवाच्या सकाळी सहापासून तिनं अठरा डोक्यांवर वेण्या घातल्या. शेवटची वेणी झाली तेव्हा बोटं सुजली होती, पण काम पाहून तिचं तिलाच कौतुक वाटलं. एकही पेड इकडचा तिकडे नाही. पिना भरलेला डबा घेऊन ती मिरवणुकीबरोबर निघाली, रस्त्यात कुणाची वेणी सुटली तर हाताशी असाव्यात म्हणून.

चौकात वळणावर मावशी टोपली घेऊन उभी होती. तिनं घोळका पाहिला, टोपली सावकाश खाली ठेवली आणि थेट पुढच्या ओळीतल्या कॅशियर मॅडमचे दोन्ही हात हातात घेतले.

"कोण गेलं, बाई?"

मॅडम गोंधळल्या. मागे वळून पाहत म्हणाल्या, "कुणी नाही गेलं. सगळ्या आहोत की, अठरा!"

मावशीचं लक्ष मागच्या बाईकडे गेलं. मग तिच्या मागचीकडे. ती एकेक डोकं बघत गेली आणि तिचा चेहरा उतरत गेला. सगळ्यात मागे डबा घेतलेली वहिनी तिला दिसली.

"तू घातल्यास?"

वहिनीनं मान हलवली. त्यात थोडा अभिमानही होता, खोटं कशाला बोला.

"वेणी डावीकडून निघते. उजवीकडून निघते ती घरात माणूस गेलं की. महिनाभर." मावशी हळूच बोलली. "अठरा मयतं, आणि पुढे ढोल. शिकलीस कुठं?"

वहिनीनं पिनांचा डबा उगाच घट्ट बंद केला. फोटोचं नाव काढायला जीभ उचलेना. मावशीनं क्षणभर वाट पाहिली, मग टोपली उचलली आणि निघून गेली. बँकेला दुसरं बक्षीस मिळालं. मॅडमनी चषक उंच धरला, आणि टाळ्या वाजवताना वहिनीला आपलेच हात परक्याचे वाटले.

दुसऱ्या दिवशी दहा वाजले, सव्वादहा झाले. मावशी आली नाही. त्याच्या दुसऱ्या दिवशीही नाही. गिऱ्हाइकाचे केस कापता कापता वहिनीची नजर दाराकडे जायची, आणि एकीची बट नको तिथे तोकडी झाली. आठवडा उलटला. शेवटी किराणा दुकानातून अंडी आली.

"ही अंडी काही बोलत नाहीत," जेवताना नवरा म्हणाला.

"अंडी कधी बोलतात का?"

"आधीची बोलायची. रोज तुझ्या तोंडून मावशीचं काहीतरी ऐकायला मिळायचं."

मग वहिनीनं सगळं सांगून टाकलं. नवऱ्यानं फोन मागितला. कापलेला फोटो पाहिला आणि म्हणाला, "आख्खा आहे का?" होता. त्यानं तो मोठा केला आणि मावशीला सोडून मागच्या भिंतीकडे बोट दाखवलं. कॅलेंडरवरचे आकडे सगळे उलटे उभे होते.

"आरशाचा फोटो आहे हा. डावं ते उजवं. मोटारीच्या वायरी अशा बघून जोडल्या असत्या तर पंखा उलटा फिरला असता."

"म्हणजे कापला नसता, तर तेव्हाच कळलं असतं?"

"कॅलेंडर तर दिसलं असतं. तू लपवायला म्हणून कापलास ना?"

वहिनीनं ताट तसंच ठेवलं.

रविवारी पार्लर बंद ठेवून ती पूल ओलांडून गेली. अकरा वर्षांत पहिल्यांदा. विचारत विचारत घर सापडलं. दोन खोल्या, दाराशी अंड्यांचे ट्रे रचलेले, खिडकीत नातीची कॉलेजची पुस्तकं. मावशी अंडी उजेडाला धरून तपासत होती. वर न बघता म्हणाली, "बस. मोडायचं नाही काही."

वहिनी बसली. येताना पुलावर छान वाक्यं जुळवली होती, ती एकही आठवली नाही. "मावशी, मी तुमचा चोरून फोटो काढला. आरशातला. म्हणून बाजू उलटी झाली."

"बाजूचं सोड. बाजू चुकते. माझी सून लग्नानंतर वर्षभर चुकत होती, रोज सकाळी आम्हाला कुणीतरी मेल्यासारखं वाटायचं." मावशीनं एक अंडं वेगळं काढलं. "फोटो कशाला?"

"विचारलं असतं तर तुम्ही नाही म्हणाला असतात."

"म्हणाले असते कदाचित."

वहिनी जरा उसळली. मनात होतं ते बोलून गेली. "पण का, मावशी? वेणी सुंदर आहे म्हणूनच तर घातली. कुणी चेष्टा केली नाही. लोकांनी टाळ्या वाजवल्या!"

"हां. टाळ्या." मावशीनं हातातलं अंडं ट्रेमध्ये ठेवलं आणि आता कुठं तिच्याकडे पाहिलं. "माझ्या नातीचे केस कुणी कापले?"

"मी."

"का कापले?"

"तिला बारीक हवे होते. शोभलेही."

"कॉलेजात पोरी तिला चटई म्हणायच्या. चटई आली, चटई गेली. एकीनं वेणीवर पुस्तक ठेवून बघितलं, राहतं का. घरी येऊन रडली आणि दुसऱ्या दिवशी तुझ्या खुर्चीत बसली. तीच वेणी मॅडमच्या डोक्यावर गेली तर कप मिळाला. मग चुकलं कुणाचं, पोरी? वेणीचं की डोक्याचं?"

खुर्चीतली ती मुलगी वहिनीला लख्ख आठवली. कात्री चालत असताना तिनं डोळे मिटून घेतले होते. वहिनीला वाटलं होतं, केस डोळ्यांत जाऊ नयेत म्हणून.

"मी तिला विचारलंच नाही," ती म्हणाली.

"तू कुणालाच विचारत नाहीस. बघतेस नुसती."

मावशी पुन्हा अंडी ट्रेमध्ये ठेवू लागली. वहिनीला वाटलं, आता उठावं. अकरा वर्षं संपली. ती चपलेकडे वळली तेवढ्यात मावशी म्हणाली, "हात धुऊन ये."

वहिनी हात धुऊन आली. मावशी तिच्याकडे पाठ करून बसली होती, केस मोकळे. खोलीत आरसा नव्हता.

"घाल. डावीकडून."

आरशाशिवाय वेणी घालणं म्हणजे वहिनीला अंधारात स्वयंपाक करण्यासारखं वाटलं. दोनदा चुकली. दोनदा मावशीनं "सोड, परत" म्हटलं. तिसऱ्यांदा चौथा पेड कुठून घ्यायचा ते मावशीनं हात मागे नेऊन, तिचं बोट धरून दाखवलं. एवढ्यात नात बाहेरून आली, दारातच थबकली.

"हिला शिकवतेस, आजी?"

"हिला कुठलं येतंय."

नातीनं वेणीकडे पाहिलं, तोंड वाकडं करून म्हणाली, "सैल आहे," आणि आत निघून गेली. पण गेली तशी परत आली, आणि वहिनीच्या हातावरून दोन पेड ओढून घट्ट करून गेली.

सोमवारी वहिनी बँकेत गेली आणि कॅशियर मॅडमना उजव्या कानाचं सगळं सांगितलं. मॅडमचा रंग उडाला. "अरे देवा! माझी सासू तर त्या दिवशी घरीच होती!" घरी फोन लावून सासूबाई ठणठणीत असल्याचं कळल्यावर त्यांचा जीव भांड्यात पडला. मग त्यांनी हळूच विचारलं, पुढच्या वर्षी बरोबर बाजूनं घातली तर चालेल का?

"ते मला विचारू नका," वहिनी म्हणाली. "दहा वाजता पार्लरमध्ये या. त्या येत असतील तर त्यांनाच विचारा. आणि नाही म्हणाल्या तर घागरे नुसते कपाटात छान दिसतील."

त्या येत असतील तर. हे तिनं मुद्दाम जोडलं होतं, कारण मावशीनं निघताना येते की येत नाही, काहीच सांगितलं नव्हतं.

मंगळवारी दहा वाजता वहिनी एका गिऱ्हाइकाच्या केसांना रंग लावत होती. आरशात तिला दारातून टोपली आत येताना दिसली. टोपली खाली उतरली, चुंबळ निघाली. वहिनीनं सवयीनं आरशाकडे पाहूनच हसायला तोंड उघडलं, आणि थांबली. ब्रश वाटीत ठेवला आणि मागे वळली.

मावशी आरशाकडे पाठ करून उभी होती, केस मोकळे, डाव्या कानावर बोट.

"बघायचं तर इकडून बघ," ती म्हणाली. "आणि जाड झालीस."

"दुकानातली अंडी खाल्ली आठवडाभर."

"तरीच. सुजलीयेस ती."