साहेबाला अडवायची शिकवणी

आमच्या मावशीच्या यजमानांइतका अडेलतट्टू माणूस उभ्या सोलापुरात नसेल, आणि असलाच तर काकांनी त्यालाही भर रस्त्यात अडवला असेल. उमेदीची वर्षं तेलविहिरींवर काढून ते परतले आणि मंद्रूपच्या वाटेवर एका कंपनीच्या आवारात नव्या इंजिनिअरांना तेलविहिरीवरचं काम शिकवू लागले. घरीही तेच. मावशीनं डबा काढायला स्टूल लावलं की आधी हे त्यावर चढून बघणार. गड्ड्याच्या जत्रेत आकाशपाळण्यापाशी जाऊन "पाळणा अडकवलेली पिन दाखव" म्हणाले. पाळणेवाला वैतागला, "काका, बसायचं नसंल तर बाजूला व्हा की." पण पिन बघूनच हलले. तोवर मावशी, आपला यांच्याशी काही संबंध नाही अशा चेहऱ्यानं, बांगड्या बघत होती.

शिकवायची तऱ्हा तर त्याहून और. तेलविहिरीवर धोका दिसला तर कुणालाही, अगदी काल आलेल्यालाही, काम थांबवता येतं. हे पाठ सगळ्यांना असतं, पण वरच्याला नाही म्हणायला जीभ रेटत नाही. म्हणून व्याख्यानं गुंडाळून काका स्वतःच मुद्दाम चुका करायचे. हेल्मेटशिवाय आत शिरायचे, गॅस न मोजता सरावाच्या टाकीचं झाकण उघडायला वाकायचे. जो हात वर करून "सर, थांबा" म्हणेल तो पुढं, गप्प बसेल तो परत पहिल्यापासून. "माझा मान ठेवू नका, जीव ठेवा," म्हणायचे. पोरं भराभर तयार व्हायची आणि कंपनी खूश असायची.

मग एकदा मोठे साहेब पाहणीला आले आणि फोनवर बोलत बोलत क्रेनला लटकलेल्या पाइपाखाली निघाले. अक्कलकोटची एक शिकाऊ मुलगी हात वर करून आडवी आली. "साहेब, थांबा. खालनं जाऊ नका." पाइप काही पडला नाही, तीच पंचाईत झाली. संध्याकाळी साहेबांचा निरोप आला, मुलीनं माफी मागावी, नाहीतर घरी जावं.

"आज माफी मागितली तर ती जन्मात कुणाला अडवणार न्हाय," काकांनी साहेबांना तोंडावर सांगितलं. "अडवायला मी शिकवलंय. घरी मी जातो." आणि गेले की खरंच.

मुलगी राहिली, शिकली, समुद्रातल्या विहिरीवर लागली. इकडे आवारात आता फिल्म दाखवून शिकवतात आणि काका दोन घास खाऊन ताटावरून उठतात. मला त्यांचा अभिमान वाटतो आणि वाईटही वाटतं. परवा तिचा फोन आला. तिनं तिथल्या वरिष्ठाला चालू कामावरून मागं ओढलं होतं, आणि मागोमाग वरून लोखंड पडलं होतं.

"तो माणूस जेवला का गं आज?" काकांनी विचारलं.

"जेवला की सर. माझ्यासमोरच बसला होता."

काकांनी फोन खाली ठेवला. मग मावशीला म्हणाले, "वाढ गं मला."