आपला डोळा गेला

"आपण लेन्स घालून झोपतो, हो ना?" ओगलेकाकांनी मला विचारलेला हा पहिला प्रश्न. अमेरिकेत, कॅरी गावात येऊन मला महिनाही झाला नव्हता. डोळा लालभडक झाला होता आणि ऑफिसातल्या एका मराठी मुलीने त्यांचं नाव सुचवलं होतं. मी त्यांच्याकडे निरखून पाहिलं. नाकावर तर जाड भिंगांचा चष्मा. हे कशाला लेन्स घालून झोपतील, असा विचार करतेय तोवर पुढचं वाक्य आलं, "आपला हा आळस एक दिवस आपल्याला महागात पडणार आहे." तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला की आळशी मी एकटीच आहे, हे नुसते सोबतीला आलेत.

डॉ. दिनकर ओगले मिरजेला शिकले आणि सत्तरच्या दशकात इथे आले ते कायमचेच. डोळ्यांचे डॉक्टर म्हणून त्यांचा हात फार चांगला होता, पण लोकांच्या लक्षात राही तो त्यांचा 'आपण'. पेशंटचा आजार ते पेशंटवर एकट्यावर कधी सोडत नसत. "आपल्याला मोतीबिंदू झालाय." "आपण थेंब घालायला विसरलो वाटतं." इंग्रजीतही तेच. एका गोऱ्या शेतकऱ्याला ते म्हणाले होते, "वुई हॅव अ कॅटरॅक्ट," तर तो बिचारा हळहळून म्हणाला, "अरेरे, डॉक्टर, तुम्हालाही?" नलिनीकाकू म्हणायच्या, "ह्यांना या गावातले सगळे रोग होऊन गेलेत. बाळंतपणाचे डॉक्टर झाले नाहीत हे आमचं नशीब."

आमच्या मराठी मंडळात मात्र काकांचा हा 'आपण' लोकांच्या घशात अडकायचा. टीव्हीवर कुठे पोलिसांच्या गोळीने कुणी मेल्याची बातमी आली की मंडळातला पहिला प्रश्न ठरलेला, "आपला कुणी होता का?" आपला म्हणजे भारतीय, आणि जमलं तर मराठी. नव्हता म्हटलं की सगळे पुन्हा पुरणपोळीकडे वळायचे. काका तेवढ्यात बोलायचे, "आपलाच होता की. इथून वीस मिनिटांवर राहायचा." मग कुणीतरी घाईघाईने घरांच्या किमतीचा विषय काढायचं.

काका हे कुठे शिकले ते त्यांनी मला सांगितलं होतं. नवीन असताना त्यांना दवाखान्यात काळ्या वस्तीतले पेशंट दिले जायचे, कारण ते गोऱ्या डॉक्टरांना नको असायचे आणि काही गोऱ्या पेशंटना काका नको असायचे. त्यात मिस ओडेसा नावाची एक बाई होती, शाळेत स्वयंपाक करणारी. तिचा उजवा डोळा तरुणपणीच गेला होता. काळ्या लोकांना बसायला मनाई असलेल्या एका हॉटेलात ती मैत्रिणींबरोबर जाऊन बसली होती, एवढाच तिचा गुन्हा. पोलिसाने दंडुका घातला. "मी तिला विचारलं, डोक्यात मारायचा होता आणि चुकून डोळ्याला लागला का?" काका सांगत होते. "ती हसली गं. म्हणाली, डॉक्टर, तुम्ही नवीन आहात. हे लोक तोंडावरच मारतात. आपण बघतो ना, त्याचा राग असतो त्यांना."

पुढे कितीतरी वर्षांनी, काका निवृत्तीला आले असताना, शेजारच्या शहरात पोलिसांनी एका काळ्या माणसाला गाडीचा दिवा बंद आहे म्हणून अडवलं आणि गोळी घातली. लोक रस्त्यावर उतरले. अश्रुधूर झाला, रबरी गोळ्या झाल्या. त्या संध्याकाळी त्या गर्दीतूनच काकांच्या ऑपरेशनच्या टेबलावर टेरेन्स आला. शाळेची बस चालवणारा, अंगाने दांडगा आणि आवाजाने अगदी मऊ असा तरुण. त्याचा डावा डोळा काका वाचवू शकले नाहीत. एका डोळ्याच्या माणसाला शाळेची बस चालवता येत नाही, म्हणजे डोळ्याबरोबर नोकरीही गेली. पोलिसांचं म्हणणं असं की तो पळताना फुटक्या बाटलीवर पडला. काका मला म्हणाले, "काचेने डोळा चिरतो. आपला चिरलेला नव्हता, फुटला होता. समोरून काहीतरी बोथट आणि वेगात आलं होतं. हे मी नाही सांगायचं तर कुणी?"

टेरेन्सने शहरावर दावा लावला आणि काका साक्ष द्यायला तयार झाले. मंडळाचे अध्यक्ष गाडगीळ लगेच पेढे घेऊन घरी हजर. मीही नेमकी तिथे होते. "काका, तुमच्याबद्दल आदरच आहे," ते म्हणाले, "पण हे लफडं आपलं नाही. किती पोरं अजून व्हिसावर आहेत. उगाच पोलिसांच्या नजरेत कशाला यायचं, यार? तब्येतीचं कारण सांगा, कॅन्सल करून टाका." काका म्हणाले, "गाडगीळ, आपल्याला भीती वाटतेय, बरोबर आहे. मलाही वाटतेय." गाडगिळांना वाटलं काम झालं. ते खुशीत उठले. काकूंनी पेढ्यांचा बॉक्स त्यांच्या हातात परत दिला.

साक्षीच्या दिवशी मीच ड्राइव्ह केलं. काका छान बोलत होते. जखम कशी होती, बाटलीने तशी का होणार नाही, सगळं स्वच्छ. मग टेरेन्सच्या वकिलाने विचारलं, पेशंटने तुम्हाला काय सांगितलं? आणि काका आपल्या सवयीने सुरू झाले. "वुई वेअर स्टँडिंग ऑन द साइडवॉक. वुई हॅड नथिंग इन अवर हँड्स." मी मागच्या बाकावर डोळे मिटून घेतले. "अँड देन वुई लॉस्ट द आय."

शहराचा वकील उठला. त्याला आयतंच सापडलं होतं. "डॉक्टर, तुम्ही त्या मोर्चात होतात?" "नाही." "मग हे 'वुई' म्हणजे कोण?" काकांनी खरं तर एवढंच म्हणायला हवं होतं की माफ करा, बोलण्याची सवय आहे. पण सगळं मुळापासून सांगायची खोड ना! त्यांनी कोर्टाला मराठी व्याकरण समजावून सांगितलं. आमच्या भाषेत 'वुई'ला दोन शब्द आहेत. 'आम्ही' म्हटलं की ऐकणारा बाहेर राहतो. 'आपण' म्हटलं की तोही आत येतो. मी इंग्रजीत बोलतानाही मनात दुसराच म्हणतो. वकील हसून म्हणाला, "म्हणजे डॉक्टर, मीही त्यात आलो?" काका अगदी मनापासून म्हणाले, "अर्थात. तुम्हीसुद्धा."

ज्युरीतले लोक हसले. वकिलाने पुढे एकही प्रश्न विचारला नाही. शेवटच्या भाषणात मात्र म्हणाला, की हे गृहस्थ सज्जन आहेत, पण साक्षीदार नाहीत, ते त्यांच्या स्वतःच्या तोंडाने एका बाजूचे झालेत. निकाल शहराच्या बाजूने लागला. टेरेन्सवर रबरी गोळी झाडणारा पोलीस नोकरीत राहिला.

त्या एका शब्दाने खटला बुडाला असं मला आजही वाटत नाही. तो शब्द नसता तर त्यांनी दुसरं काही शोधलं असतं. मिस ओडेसाच्या वेळी तर कुणी एवढीही तसदी घेतली नव्हती. टेरेन्सही कोर्टाच्या पायऱ्यांवर काकांचा हात धरून हेच म्हणाला, "डॉक्टर, हे तुमच्यामुळे झालेलं नाही. इथे हे असंच होतं." काकांनी मान हलवली, पण त्यांना ते पटलं नाही. पुढच्या खेपेला मी गेले तर म्हणाले, "तुझा डोळा बरा आहे ना?" मी काकूंकडे पाहिलं. काकू म्हणाल्या, "आता असंच बोलतात. मला परवा म्हणाले, तुझे गुडघे दुखतायत का. चाळीस वर्षं आमचे गुडघे एकत्र दुखले." मला इतका राग आला, की त्या वकिलाच्या दारात जाऊन बोंब मारावी असं वाटलं. माणसाचा सगळा स्वभाव एका दुपारी काढून घेतला त्यांनी.

त्याच वर्षी मंडळाच्या गणपतीत एका पोलीस अधिकाऱ्याचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार झाला. बंदोबस्ताबद्दल म्हणे. बंदोबस्त कसला, पार्किंग! तो बिचारा नारळ हातात धरून याचं काय करायचं असं विचारत होता. काका आरती न घेताच उठून गेले आणि मंडळात पुन्हा आले नाहीत. मंडळही त्यांच्याकडे गेलं नाही.

काका वसंतात गेले. तेराव्याला मात्र झाडून सगळे आले. काकूंनी सुनेबरोबर पहाटेपासून सगळा स्वयंपाक घरी केला होता. गाडगीळ काकांच्या फोटोसमोर बोलायला उभे राहिले, "असे निर्भीड डॉक्टर होणे नाही," आणि तेवढ्यात खिडकीवर निळे-लाल दिवे फिरायला लागले.

मी आणि काकू बाहेर धावलो. काकू अनवाणीच. समोरच्या फुटपाथवर टेरेन्स हात वर करून उभा होता. त्याने काळा सूट घातला होता आणि झाकलेलं भांडं पायाशी ठेवलेलं होतं. घरांचे नंबर त्याला लांबून नीट दिसत नव्हते, म्हणून तो एकेका घरासमोर थांबून वाचत होता. पोलीस शांतपणे म्हणाला, की इथूनच कुणीतरी फोन केला, एक संशयित माणूस गाड्यांपाशी घोटाळतोय म्हणून. काकू त्या दोघांच्या मध्ये जाऊन उभ्या राहिल्या. "ही इज माय गेस्ट," त्या म्हणाल्या. "मी ह्याला बोलावलंय."

पोलीस गेला. टेरेन्सने हात खाली घेतले, पण त्याला ते नीट खाली घेता येईनात. काकूंनी कितीदा आत चल म्हटलं. "आज नको, मॅडम," तो म्हणाला. आईने केलेली बटाट्याची भाजी होती त्या भांड्यात. ती त्याने काकूंच्या हातात दिली आणि गाडीपर्यंत अगदी हळू, दोन्ही हात दिसतील असे ठेवून चालत गेला.

काकू भांडं घेऊन आत आल्या. "फोन कुणी केला?" त्यांनी विचारलं. जो तो दुसऱ्याकडे बघत होता. शेवटी गाडगीळ म्हणाले, "काकू, तुम्ही मनाला लावून घेऊ नका. आजकाल जरा सावध राहावंच लागतं हो."

"बरं," काकू म्हणाल्या. "मग आता सगळ्यांनी सावधपणे घरी जा."

आत पानं मांडलेली होती. काकूंनी एकालाही वाढलं नाही.