परत आलेलं सामान

बारा एप्रिल. केदारखेड्याला भावाच्या अंगणात तीन वस्तू घासून रंगवायच्या होत्या: लोखंडी कपाट, दिवाण आणि मोठ्या आरशाचं ड्रेसिंग टेबल. जुनं फर्निचर घेऊन, रंगवून विकणं हा जालन्यात माझा धंदा आहे, त्यामुळे भावाने फोनवर जास्त काही सांगितलं नव्हतं. गेल्यावर कळलं, सामान थोरल्या भाचीचं. तिच्या लग्नात दिलेलं, आणि सोडचिठ्ठी झाल्यावर बैठकीत भांडून, टेम्पोत घालून परत आणलेलं. आता धाकटीचं लग्न ठरलं होतं. तेच सामान रंग बदलून तिला द्यायचं.

"चॉकलेटी आता कोन ठेवतं," भाऊ म्हणाला. "क्रीम मार आक्का. नवं दिसलं पाह्यजे."

कपाटाच्या दारावर एक मोर होता आणि मोराखाली थोरलीचं नाव, वडिलांकडून सप्रेम भेट. ते नाव ती स्वतःच पॉलिश पेपरने घासून काढत होती. मी तिला अडवलं नाही. मजूर मिळत नव्हता आणि पोरीचं काम स्वच्छ होतं.

तिने बापाशी सौदा केला होता. घासायचं आणि रंगवायचं तिने, बदल्यात ड्रेसिंग टेबल तिचं. पार्लरचा कोर्स झाला होता, जाफराबादला खोली बघून ठेवली होती, खुर्चीही मिळाली होती. आरसा तेवढा नव्हता. बाप हो म्हणाला होता.

धाकटी मोबाइल घेऊन उंबऱ्यात बसली होती. "ताई, नीट घास. तुझ्या सासरचा डाग राह्यला तिथं."

"डाग न्हाई, गंज हाय," थोरली म्हणाली. "घासून जातो तो."

दुपारपर्यंत प्रायमर झाला, ऊन कलल्यावर रंग. कपाट आणि दिवाण मी सांगेन तसं तिने उरकलं, ड्रेसिंग टेबल मात्र स्वतःच्या मनाने केलं. कडेला ब्रशची एक रेघ दिसेल तर शपथ. मी वीस वर्षं हे काम करते. मला असं जमत नाही.

संध्याकाळी भावजय पत्रिका वाटून आली आणि चपला काढायच्या आधीच थांबली.

"हिनं रंगवलं? लग्नाच्या सामानाला हात लावू दिला तुम्ही हिला?"

"सामान तिचंच आहे," मी म्हणाले.

"सामान लोखंडाचं, लाकडाचं. त्याला काय होतंय. परत आलेल्या पोरीच्या हाताचं तसं नसतंय. तुम्ही सवाष्ण हायत. सकाळी तिन्हीवर तुमच्या हातानं रंग फिरवा, मंग काही न्हाई."

"तिन्हीवर? टेबल तर माझं ठरलंय," थोरली म्हणाली.

"सोयऱ्याला तीन वस्तू सांगितल्यात."

पोरीने बापाकडे पाहिलं. तो डब्याचं झाकण बसवत होता. "तुला काय करायचा एवढा मोठा आरसा," तो म्हणाला. "नटून दाखवायचं कोनाला?"

धाकटी हसली. थोरलीने ब्रश रॉकेलमध्ये धुतला, पुसला आणि आत गेली. जेवायला आली नाही. कुणी बोलावलंही नाही.

सकाळी उठून मी कपाटावर आणि दिवाणावर पातळ रंगाचा नुसता ब्रश फिरवला. भावजय शेजारी उभी राहून बघत होती. तिचं समाधान झालं आणि ती चहाला गेली. मग मी ड्रेसिंग टेबल ओढून उन्हात घेतलं आणि त्याच्यावर डब्यातला घट्ट रंग थापला. खालचा रंग नीट वाळलेला नसताना वर जाड थर दिला, की दुधावर साय धरते तसा तो आकसतो. मला ते माहीत होतं. दहाच्या सुमारास सगळ्या टेबलावर म्हाताऱ्या माणसाच्या कातडीसारख्या सुरकुत्या होत्या.

"हे कसं न्यायचं सोयऱ्याच्या घरी?" भावजय म्हणाली. "राहू दे मंग हितंच. तिला लागत व्हतं तर तिला घेऊ द्या."

थोरली बाहेर आली. तिने टेबलाच्या कडेवर बोट ठेवलं. रंग बोटाबरोबर आला. मग तिने माझ्याकडे पाहिलं, काल बापाकडे पाहिलं होतं तसंच. तिला समजावत बसायला वेळ नव्हता आणि भावजय ऐकत होती. मी हात पुसले, पिशवी घेतली आणि जालन्याची बस धरायला फाट्यावर गेले.