तांदळाच्या डब्यातली वाइन

डोंबिवलीजवळच्या मानपाड्याच्या माझ्या घरातून आम्ही प्रवासाला निघालो, तेव्हा कुमुदच्या केसांतसुद्धा तांदूळ होते. मोठा डबा उपसून तळाशी आडवी झोपलेली फ्रेंच रेड वाइन आम्ही नुकतीच बाहेर काढली होती. बाटली दोघींच्या मालकीची. रंगाच्या कारखान्यातल्या प्रयोगशाळेत आम्ही शेजारी-शेजारी काम करायचो आणि तिथे आलेल्या एका फ्रेंच इंजिनिअरने ती दोघींना मिळून दिली होती. निवृत्तीला उघडायची असं ठरलं होतं. पण निवृत्ती आली आणि कुमुदने कुठूनसं ऐकलं की जुन्या वाइनचा भाव सोन्यासारखा चढतो. झालं! तेव्हापासून आमची गुंतवणूक कोलम तांदळाखाली मुरत पडली.

आता कुमुद कल्याणजवळच्या मोहने गावातलं घर सोडून कायमची बंगळुरूला, मुलाकडे निघाली होती. त्यामुळे बाटली विकायची की प्यायची, याचा निकाल लावायला हवा होता. मला मात्र तिसरंच हवं होतं. कुणा जाणत्याने 'अजून दहा वर्षं ठेवा' म्हणावं, म्हणजे बाटलीसाठी तरी ही बया परत येईल. हे मी तिला बोलले नव्हते.

ते जाणतं माणूस म्हणजे ठाण्याच्या बाळकुमची रेश्मा. कुमुदच्या भाचीची मैत्रीण, वाइनचं रीतसर शिक्षण घेतलेली. बाटलीला धक्का लागू द्यायचा नाही, असं तिने फोनवर बजावलं होतं. म्हणून बाटली गोधडीत गुंडाळून मी मांडीवर घेतली. रिक्षावाल्याने आरशातून पाहिलं.

"मावशी, बाळ किती महिन्यांचं?"

"पंचविशी उलटली त्याची," कुमुद म्हणाली.

त्यानंतर त्याने प्रत्येक गतिरोधकावर रिक्षा अगदी अलगद चढवली.

मोठागावहून माणकोलीच्या पुलावर चढलो आणि दोन्ही बाजूंना खाडी उघडी झाली. भरतीचं मातकट पाणी, काठाने तिवरं (खारफुटीची झाडं) आणि असा वारा की कुमुदच्या केसांतले उरलेले तांदूळही उडाले. पूल उतरलो आणि गोदामांच्या रांगेत कंटेनरांच्या मागे अडकलो. ऊन थेट मांडीवर येत होतं. कुमुदने रिक्षातच छत्री उघडली आणि ती बाटलीवर धरली. माझ्या डोक्यावर ऊनच होतं, पण मी काही गुंतवणूक नव्हते.

बाळकुमला टॉवरांच्या मधोमध जुन्या गावाची गल्ली अजून शाबूत आहे. रेश्माचं घर तिथलंच. तिने बाटली उभी करून टेबलावर ठेवली. "गाळ खाली बसू दे आधी," ती म्हणाली. तिची आई तोवर ताटंच घेऊन आली. "बस गो बाय, आधी जेव." तांदळाची भाकरी आणि निवट्यांचं (चिखलात उड्या मारणाऱ्या खाडीतल्या माशांचं) झणझणीत कालवण. मी डोळे पुसत दोनदा मागून घेतलं.

जेवणानंतर रेश्माने बाटलीमागे टॉर्च धरला. "वाइनची पातळी छान आहे, फारशी उडालेली नाही. कुठे ठेवलेली, काकू?"

"तांदळात."

"अंधारात आणि आडवी. भारीच! आणि लेबल?"

आम्ही एकमेकींकडे पाहिलं. डबा उपसताना माझ्या सासूबाईंना ती एकदा सापडली होती. त्या ओरडल्या नाहीत. घरात काय आहे ते पाहुण्यांना वाचता येऊ नये म्हणून लेबल भिजवून, खरवडून काढलं आणि बाटली पुन्हा पुरून ठेवली.

रेश्मा पोट धरून हसली. "लेबल नाही तर गुंतवणूक विसरा. आणि लायसन्सशिवाय विकणार कशी?"

"निदान कुठल्या सालची ते तरी सांग," कुमुद हिरमुसली.

"साल बुचावर असतं."

"मग बघ ना."

"त्यासाठी उघडायला लागेल, मावशी."

मी घाईघाईने विचारलं, "पण अजून दहा वर्षं ठेवली तर?"

तिने बुचाच्या कडेवरून बोट फिरवलं. "बूच खचत चाललंय. फार थांबलात तर बिघडेल. ही आजच प्या."

माझा चेहरा पडला असणार. "अगं, तुझं काय बिघडलं?" कुमुदने विचारलं. आता लपवण्यात अर्थ नव्हता. मी म्हटलं, "ही शिल्लक राहिली असती तर तू परत आली असतीस."

कुमुदने गोधडीची घडी घातली. मग म्हणाली, "उघड गं, रेश्मा."

बूच मधेच मोडलं आणि साल छापलेल्या भागाचा भुगा झाला. स्वच्छ फडक्यातून गाळलेली वाइन कडेला विटकरी दिसत होती. वास आमसुलांचा, जुन्या लाकडी कपाटाचा. रेश्मा डोळे मिटून म्हणाली, "काय सुंदर म्हातारी झाली आहे!" कुमुदला ती फ्रिजबाहेर विसरलेल्या कोकम सरबतासारखी लागली. मला आवडली. इतकी की रडू आलं, आणि या वेळी निवट्यांवर ढकलताही येईना.

परतताना डोंबिवलीत कुमुदने वाइन शॉपसमोर रिक्षा थांबवली. "काकू, मेडिकल बाजूला आहे," दुकानदार म्हणाला.

"ठाऊक आहे. नाशिकची एखादी रेड वाइन दे. किती वर्षं ठेवायची ही?"

"ठेवायची कशाला? ही मुरवायची नसते. वर्षभरात संपवा."

तिने बाटली माझ्या हातात कोंबली. "ऐकलंस? वर्षभरात. मी येईपर्यंत हात लावायचा नाही."

मी सकाळपासून दहा वर्षं मागत होते. दहा वर्षांनी कोण कुठे असेल, हा हिशेब या बाईने माझ्याआधीच केला होता. मी ती बाटली काउंटरवर परत ठेवली आणि दुकानदाराला विचारलं, "याहून लवकर संपवायला लागेल अशी एखादी आहे का?"