केंद्राला लावलेलं कुंकू

काल कपाट आवरताना धाकट्या भावाची पत्रिका सापडली. कागदाला अजून हळदीचा वास आहे. त्या वासासरशी मी पनवेलच्या जुन्या घरी, त्याच्या बारशाच्या सकाळी जाऊन बसले.

गुरुजी पत्रिका वाचत होते, "गुरू केंद्रात आहे."

माझ्या हातात शाळेचा नवा कंपास होता. मी विचारलं, "वर्तुळाचं केंद्र असतं, तेच का हे?"

"तेच गं," गुरुजी खुलले. "मूळ शब्द ग्रीकांचा. अर्थ, टोचणारं टोक, तुझ्या कंपासला असतं तसं. आपल्या वायव्येला त्यांचे राजे होते ना, त्यानंतर त्यांचं ज्योतिषही इकडे आलं."

पत्रिकेला हळदकुंकू लावणाऱ्या आत्याचं बोट थांबलं. ती बाहेरच्या कुणाच्या हातचं पाणीही घेत नसे. "म्हणजे हे परक्यांचं? मग लावू की नको?"

"परके कसले? कधीच घरचे झाले ते."

आत्याने बोट पुन्हा कुंकवात बुडवलं. मग म्हणाली, "घरी आलेल्याला कुंकवाशिवाय कसं पाठवायचं?" आणि तिने नेमकं त्या शब्दावर बोट टेकवलं.

तेव्हा मला नुसती गंमत वाटली होती. आज बघते, तर बाकीची बोटं फिकी पडलीत. केंद्र तेवढं अजून लाल आहे. इतकं दाबून लावलं होतं तिने.