मेजावरची किल्ली

प्रार्थनाघरात शिरला की तो आधी जीपची किल्ली मेजावर ठेवायचा. शास्त्राच्या, म्हणजे बायबलच्या, डाव्या बाजूला, दानाच्या थाळीला लागून. मग शर्टाला हात पुसून आमच्याकडे वळायचा. "आज गाडी प्रभुनी शे. आते मी बी मोकळा." गाडी प्रभूची, म्हणून उपासना संपून शेवटचं म्हातारं माणूस घरी पोचेपर्यंत त्या गाडीत भाडं म्हणून कोणी बसत नसे.

आम्ही सगळे त्याला भाऊच म्हणायचो. पिंपळनेर-साक्री रस्त्यावर त्याची काळी-पिवळी जीप चालायची. आमचं प्रार्थनाघर पत्र्याचं, रस्त्याकडेचं. मंडळी मात्र डोंगरातल्या पाड्यांवर विखुरलेली. रविवारी सकाळी तो पाड्यापाड्याखाली जाऊन हॉर्न द्यायचा आणि माणसं उतरून यायची. कुणाच्या काखेत पोर, कुणाच्या काखेत दानाची कोंबडी.

जमनाआजीला दोन्ही डोळ्यांनी दिसत नाही. ती फाट्यावर उभी असायची. तिला तो पुढे, स्वतःशेजारी बसवायचा.

"आजी, तू मनी क्लीनर शे. डावीकडे देख."

"मी देखस," आजी म्हणायची. "तू ब्रेक देख."

सीटमागच्या खिशात शुभवर्तमानाची पत्रकं असायची. उतरणाऱ्या प्रत्येकाच्या हातात तो एक द्यायचा; कोणी तिथेच फाडलं तर दुसरं द्यायचा. मी अक्षरं जुळवायला शिकलो ती त्या पत्रकांवर. पत्रकं वाटतो म्हणून गावातल्या एका टोळक्याने एकदा दगड मारून त्याच्या जीपची काच फोडली, स्टँडवर रांगेत उभं राहू दिलं नाही. पुढच्या रविवारी काचेच्या जागी प्लास्टिकचा कागद लावून तो आला. किल्ली मेजावर ठेवली. गायला लागला.

लग्नसराईत एकदा एका वरबापाने त्याला रविवारसाठी दुप्पट भाडं देऊ केलं. भाऊ म्हणाला, "लगीन सोमवारे करा, मी फुकट ली जास."

हा माणूस दगडांनी हलला नाही. तो कशाने हलला, ते सांगण्यासाठी मी हे लिहितो आहे.

त्याने दुसरी जीप घेतली. त्यात काही पाप नव्हतं. मुलीला धुळ्याला शिकायला ठेवलं होतं, घर गळत होतं. पण ज्या रविवारी ती नवी जीप प्रार्थनाघरासमोर उभी राहिली, त्या दिवशी आम्ही काय केलं ते ऐका. पाळकांनी बॉनेटवर तेल लावून प्रार्थना केली. भाऊने साक्ष दिली, "प्रभूनं गाडी दिली." सगळ्यांनी मोठ्याने आमेन म्हटलं. आधी आमच्यात साक्षी व्हायच्या त्या भांडून गेलेला मुलगा घरी आल्याच्या, दारू सुटल्याच्या. त्या दिवसापासून फ्रीज, बोअर, मुलाची नोकरी, घरावरचा स्लॅब. जणू प्रभू दुकान घालून बसला आहे आणि आम्ही त्याचे पक्के गिऱ्हाईक. ज्याला काही मिळालं नाही तो मागच्या सतरंजीवर मान खाली घालून बसू लागला. भाऊला पुढे खुर्ची आली. ती आम्हीच उचलून आणली.

किल्ली मेजावर जायची थांबली. आधी ती खिशात राहिली, मग हातात. पाळक प्रार्थना करत असताना तो ती बोटात फिरवायचा आणि ती वाजायची.

"भाऊ, ते वाजस," आजी मिटल्या डोळ्यांनी म्हणायची.

"हप्ता शे, आजी. डोकामा तोच फिरस."

या काळात त्याचं एक वाक्य सगळ्यांच्या तोंडी बसलं. रविवारी का आला नाहीस असं विचारलं की तो हसून म्हणायचा, "प्रभू समजी लेस. बँकवाला समजत नही." लोक हसायचे. मीही ते इतरांना ऐकवायचो. त्या वाक्यातलं विष मला फार उशिरा कळलं. जो समजून घेतो त्याला ताटकळत ठेवायचं, जो घेत नाही त्याच्या दारात धावायचं. हा हिशोब एका माणसाचा नाही, आमच्या सगळ्या मंडळीचा आहे.

मग तो रविवार. मी फाट्यावर आजीसोबत उभा होतो. लांबून जीपचा आवाज आला. आजीने पदर नीट केला, गाण्यांच्या पुस्तकाची पिशवी छातीशी धरली. तिला वाचता येत नाही, पण पुस्तकाशिवाय ती कधी निघाली नाही.

"त्यानीच गाडी शे," ती म्हणाली आणि काठी पुढे करून रस्त्याकडे सरकली.

जीप वऱ्हाडाने खच्चून भरली होती. पुढे आजीच्या जागेवर फेटा बांधलेला कोणी बसला होता. भाऊने आम्हाला पाहिलं, स्टिअरिंगवरून एक हात उचलला आणि गेला. आजी धूळ खाली बसेपर्यंत तशीच उभी होती.

"घाई व्हई त्याले," ती म्हणाली.

संध्याकाळी मी त्याला पिंपळनेरच्या स्टँडवर चहाच्या टपरीवर गाठलं.

"भाऊ, आजी उभी होती."

"देखी मी तिले."

"मग?"

"मंग काय? वऱ्हाड उतारी देऊ का रस्तामा?" त्याने बशीत चहा ओतला. "तुले पोट शे रे, संसार नही. तुना संसार व्हवू दे, मंग माले शिकाड."

"ती परत गेली, भाऊ. चालत."

चहा त्याने तसाच ठेवला. तेवढ्यात फोन वाजला आणि तो डिझेलचं बोलत बाहेर गेला.

पुढे तो धुळ्याला राहायला गेला. जीपा विकून प्लॉटच्या धंद्यात पडला. मला एकदा भेटला तेव्हा जुन्या सवयीने त्याने माझ्या हातात एक पत्रक दिलं. चकचकीत कागद, हायवेलगत एनए प्लॉट, चारी बाजूंनी कंपाउंड. देण्याची पद्धत तीच होती, दोन्ही हातांनी, डोळ्यांत बघून. उपासनेचं विचारलं तर म्हणाला, "फोनवर ऐकस ना मी. गाडी चालाडता चालाडता."

मागच्या कापणीच्या सणाआधीच्या रविवारी टेम्पोतून संगमरवराचं मेज आलं. भाऊकडून मंडळीला भेट. जुनं लाकडी मेज अंगणात काढलं, पाळकांनी आभाराची प्रार्थना केली, पुन्हा तेच मोठं आमेन. तो स्वतः आला नव्हता. त्या दिवशी त्याच्याकडे गिऱ्हाईक होतं.

आजी आली होती, नातीच्या खांद्यावर हात ठेवून, पाड्यावरून चालत. तिला मेज दाखवायला पुढे नेलं. ती ते हातांनी पाहू लागली. कडेला बोटं खोलगट अक्षरांवर थांबली.

"हाई काय शे?"

"नाव," मी म्हणालो.

"प्रभुनं?"

"भाऊचं."

तिने मान हलवली. मग हात वर घेतला, शास्त्र चाचपलं, त्याच्या डाव्या बाजूला दानाच्या थाळीपर्यंत गेली. त्या गुळगुळीत थंड दगडावर तिचा तळवा पुढे मागे फिरत राहिला.

"किल्ली नही ठेवी त्यानी?"

पाळकांनी गाण्याचा क्रमांक सांगितला. सगळे उभे राहिले. आजीचा हात अजून शोधत होता.