डोळे घालून येतो

"थांबा भाऊ, डोळे घालून येतो."

गुरुजी असं म्हणाले की माझ्या चष्म्याच्या दुकानातलं नवखं गिऱ्हाईक दचकायचं. तोवर गुरुजी हात धुऊन कोपऱ्यातल्या टेबलावर ओणवे झालेले असत. खाली आडवा आरसा. चिमटीत रबराची छोटी वाटी, तिच्यावर रुपयाएवढी मोठी, कडक लेन्स, सलाईननं काठोकाठ भरलेली. श्वास रोखून ते डोळा त्या पाण्यावर टेकवत. "बुडबुडा राह्यला त जग डुलते, बाप्पा." मग ताठ होत आणि समोर जे असेल ते मोठ्यानं वाचत. कॅलेंडर, औषधाचं खोकं, गिऱ्हाइकाच्या पिशवीवरचं नाव. तुम्ही असता तर तुमच्या शर्टाचं लेबलही सुटलं नसतं.

तामसीकडच्या एका गावात ते मराठी शाळेवर होते. त्यांची बुबुळं वर्षागणिक पुढून टोकदार होत चाललेली. मी चष्मे बदलून थकलो, तरी त्यांना एका दिव्याचे चार दिवे दिसायचे. हजेरी ते पोरांच्या आवाजावरून घेत. शेवटी मीच त्यांना हैदराबादला मोठ्या दवाखान्यात नेलं.

परतीची ती बस मला अजून जशीच्या तशी आठवते. लेन्स पहिल्यांदाच डोळ्यांत, आणि गुरुजी खिडकीशी उभे. तेलुगू पाटी, हिंदी पाटी, उर्दू पाटी, इचोड्याचे ढाबे, ट्रकांचे नंबर, सगळं वाचून राह्यलेले. कंडक्टर म्हणाला, "सार, बैठ जाओ ना." गुरुजी म्हणाले, "बैठता हूँ, पहले तुम्हारा बिल्ला पढने दो." सारी बस हसली. आदिलाबादला उतरलो. स्टँडसमोरच माझं दुकान. त्यांनी पाटीकडे पाहिलं.

"भाऊ, तुमच्या पाटीवरल्या चष्म्याले एकच दांडी हाय. पेंटर पळून गेला का?"

दहा वर्षं ती पाटी माझ्या डोक्यावर होती. मलासुद्धा दिसलं नव्हतं. त्या दिवशी मला जो आनंद झाला, तसा धंद्यात पुन्हा झाला नाही.

आता जे सांगायचं ते सांगतो. हे मी फार दिवस गिळून बसलोय.

दवाखान्यानं नियम घालून दिले होते. लेन्स दिवसाला ठरलेले तासच घालायची, दुपारी काढून धुवायची, झोपताना कधी ठेवायची नाही. आणि कितीही चांगलं दिसलं तरी दर सहा महिन्यांनी येऊन डोळे दाखवायचे. गुरुजी पहाटे पाचला लेन्स घालत ते अंथरूण घातल्यावरच काढत; मधे काढलीच तर माझ्या दुकानात, गिऱ्हाइकांना दाखवायला, आणि लगेच परत घालत. "इतके वर्सं धुक्यात काढले, आता काऊन काढू?" तीन वर्षं ते हैदराबादला नेमानं गेले. चौथ्या वर्षी मला विचारलं, "भाऊ, याही खेपेला जा लागते का?"

मी म्हणालो, "काऊन जाता गुरुजी? दिसते ना सगळं?"

हे माझं वाक्य. त्यावर त्यांनी दोन वर्षं काढली.

मग एका सकाळी डोळे लालसर दिसले म्हणून मी भिंगातून पाहिलं. डाव्या बुबुळाच्या कडेवरून बारीक लाल शिरा आत शिरल्या होत्या. अशा शिरा कधी येतात ते मला ठाऊक होतं. लेन्सखाली बुबुळाला हवा कमी पडते, ते सुजतं, आणि वर्षानुवर्षं तसंच चाललं की त्या वाट काढतात. तेव्हाच सांगायला हवं होतं.

पण त्याच दुपारी मुधोळच्या एक अंगणवाडीच्या बाई नवऱ्याला घेऊन येणार होत्या. त्यांनाही हाच आजार. नवरा म्हणे, डोळ्यात एवढी मोठी वस्तू घालू देणार नाही. त्याला दाखवायला मला गुरुजी हवे होते. चांगले, हसरे, वाचणारे गुरुजी.

"काय दिसलं भाऊ?"

"काही नाही. धूळ गेली असेल."

दुपारी गुरुजींनी त्या नवऱ्याच्या खिशातलं बसचं तिकीट दोन हातांवरून वाचून दाखवलं. नवरा तयार झाला. गुरुजी माझ्याहून खूश.

पाच महिन्यांनी त्यांचा डावा डोळा ठणकू लागला. हैदराबादला मी सोबत होतो. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "हे फार आधीपासून आहे. या डोळ्यात आता लेन्स बंद. पुढे बुबुळ बदललं तरी या शिरांमुळे ते टिकेलच असं नाही. इतके दिवस कुणी पाहिलं नाही?"

"मीच आलो नाही, मॅडम," गुरुजी म्हणाले. माझ्याकडे त्यांनी पाहिलंही नाही. मी कागद गोळा केले.

आठवड्यानं दुकानात त्यांना सगळं सांगितलं. तो दिवस, त्या शिरा, ती धूळ. त्यांनी रबराची वाटी डबीत ठेवली, डबी पिशवीत. "माही बस लागली," म्हणाले आणि गेले. बस लागली नव्हती. मला स्टँड दिसतो ना.

मुधोळच्या बाई आता दर सहा महिन्यांनी हैदराबादला जातात. आधी दुकानात येतात, मी भिंगातून पाहतो आणि दिसेल ते मोठ्यानं सांगतो, अगदी नसलेलंही: "शिरा नाहीत. सूज नाही."

गुरुजीही जातात. हैदराबादची बस लागायच्या आधी मान जराशी डावीकडे वळवून स्टँडवर उभे असतात आणि वाचत असतात. फलाटाचे नंबर, रसवंतीचा फलक, बसची काच. ओठ हलताना मला इथून दिसतात आणि मी दारात येऊन उभा राहतो. उजवा डोळा शाबूत आहे. नजर सरकत सरकत माझ्या शेजारच्या मेडिकलच्या पाटीपर्यंत येते. तिथून ते बसकडे वळतात.

गेल्या महिन्यात मी पाटीवरच्या चष्म्याला दुसरी दांडी रंगवून घेतली. लाल रंगात, लांबून दिसेल अशी.